दही-साखरेचं पान

तासगावात एसटी स्टँडासमोरच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, असा बोर्ड लावलाय. बोर्डावर जे लिहिलेलं नाही, ते काम मी सगळ्यांत चांगलं करते. मी माझ्या पोरीसाठी पुस्तकं काढते. एका पुस्तकाची एकच प्रत. वाचणारी पण एकच, आणि तिच्याइतकं बारकाईनं वाचणारं माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात मिळायचं नाही, हे मी पैजेवर सांगते.

पोरीला ऑटिझम आहे. चार वर्षांची असताना ते कळलं, तेव्हा सल्ले द्यायला अख्खी गल्ली धावून आली. एक म्हणाली, शाळेत घाल म्हणजे सुधारंल. दुसरी म्हणाली, शाळेतनं काढ म्हणजे सुधारंल. तिसरी तर पोरीकडं बघून म्हणाली, "लगीन झालं की हुईल समदं नीट." चार वर्षांच्या पोरीचं लगीन! मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ती बाई परत सल्ला द्यायला आली नाही.

खरी अडचण एकच होती. पोरीला नवीन काही चालत नव्हतं. नवी चप्पल, नवा रस्ता, रोजच्या वाटीऐवजी दुसरी वाटी. आपल्याला नवीन म्हटलं की मजा वाटते. तिला वाटायचं की पायाखालची जमीनच कुणीतरी काढून घेतली. मग जमिनीवर पडून घसा फाटेपर्यंत ओरडणं, स्वतःच्या हाताला चावणं. लोक म्हणायचे, लाडावलीय. लाड केले असते तर बरं झालं असतं की. माझा सगळा वेळ तिला आवरण्यातच जात होता.

दर शनिवारी मी तिला सांगलीला एका बाईंकडं न्यायची. अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई. बोलायला गोड, पण कामाला कडक. त्यांनी एकदा सांगितलं, "तिच्यासाठी गोष्ट लिहा."

मी म्हटलं, "कसली? ससा-कासवाची?"

"छे. तिचीच. उद्या तिच्याबरोबर काय होणार, तिथं कोण काय करणार, तिनं काय करायचं. खऱ्या जागेचा फोटो लावायचा, खाली एक ओळ. 'मी जाते, मी बसते' असं तिच्या तोंडून. रोज वाचायचं. आणि एक लक्षात ठेवा, त्यात खोटं एक अक्षर नको."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, एवढं उन्हातान्हात पोरीला घेऊन आले ते गोष्टी ऐकायला? पण फोटो, प्रिंट, लॅमिनेशन, सगळं दुकानात तयारच होतं. म्हटलं, करून बघायला काय जातंय.

पहिलं पुस्तक एसटीचं. स्टँडचा फोटो, गाडीचा फोटो, कंडक्टरचा फोटो. तिसऱ्या पानावर मी ऐटीत लिहिलं, "मी खिडकीपाशी बसते." आठ दिवस वाचलं. शनिवारी पोरगी स्वतःहून गाडीत चढली. मी फुगले. आणि बघते तर एकही खिडकी मोकळी नाही! एका म्हाताऱ्यांना विनवलं, "आजोबा, जरा सरकता का?"

"का वं? पोरीला मळमळतंय व्हय?"

"न्हाई, पुस्तकात लिवलंय, खिडकीत बसायचं म्हणून."

"कुणी लिवलंय?"

"मीच."

"मग तुमीच खोडा की!" असं म्हणून त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

सांगली येईपर्यंत पोरीनं गाडी डोक्यावर घेतली. बाईंना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "तुम्ही गाडीच्या मालकीण आहात का? जे आपल्या हातात नाही तिथं 'बहुतेक' लिहायचं, 'कधीकधी' लिहायचं." तेव्हापासून माझ्या पुस्तकांत 'बहुतेक' आलं. कधीकधी खिडकी मिळते, कधीकधी मिळत नाही. नाही मिळाली तर मी आईच्या ओढणीचं टोक धरते. पुढच्या शनिवारी खिडकी मिळाली नाही. पोरीनं ओढणीचं टोक धरलं आणि सांगलीपर्यंत तोंडातनं ब्र काढला नाही. मी गाडीतच रडले, पण खूश होऊन.

मग मी सुटलेच. केस कापायचं पुस्तक, नव्या वर्गाचं पुस्तक, वीज जाते तेव्हाचं पुस्तक. माझ्या भावाचं लग्न रहिमतपुरात, माहेरी. त्याचं तर बावीस पानांचं. आमच्याकडं लग्नात लहान पोर दिसलं की बायका गाल ओढतात, तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडतात. पोरीला अंगाला हात लावलेला खपत नाही. मी लिहिलं, "बायका माझे गाल ओढतात. त्या रागावलेल्या नसतात. मला नको असेल तर मी हात पुढे करते." मांडवात पोरगी एखाद्या मंत्र्यासारखी उभी, आणि येईल त्या बाईपुढं हात! बायकांनी हौसेनं शेकहँड केले. एक आजी तर दोनदा रांगेत आल्या. तिचं बोलणंही या पुस्तकांतनंच आलं. स्वतःचं वाक्य ती जुळवत नाही, पण मी लिहिलेलं वाक्य बरोबर जागेवर वापरते.

प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान मात्र एकच असतं. आमच्या घरातनं महत्त्वाच्या कामाला कुणी निघालं, की माझ्या सासूबाई त्याच्या हातावर दही-साखर ठेवतात. त्यांना मी आत्या म्हणते. परीक्षा असो, कोर्ट असो, बेदाणा सौद्याला न्यायचा असो, आत्यांची वाटी तयार. दही-साखर न खाता उंबरा ओलांडला तर त्या माणूस परत येईपर्यंत जपमाळ सोडत नाहीत. म्हणून पहिल्या पानावर आत्यांच्या हातातल्या चमच्याचा फोटो आणि खाली ओळ: "आजी माझ्या हातावर दही-साखर देते." ते पान उघडलं की पोरीला कळायचं, आता काहीतरी नवीन सुरू होणार, आणि ते ठीक होणार.

मग डोळ्याचं निघालं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. लहान पोरांना पण होतो, हे मला माहीतच नव्हतं. पोरीनं कधी सांगितलं नाही आणि आम्हाला कळलं नाही. सांगलीच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं. पहिल्या वेळी मला वाटलं, यात पुस्तकाचं काय काम? डॉक्टर आहेत, नर्स आहेत, ते बघतील. शिवाय घाई होती. तिथं मी चुकले.

सुई बघितली आणि पोरगी बिथरली. चौघांनी तिला धरलं. दोघांनी हात, एकानं डोकं. पाय मी धरले. "आई हाय ना, आई हाय ना," म्हणत होते आणि पाय दाबून धरत होते. तिनं एका सिस्टरला चावलं, सुई वाकडी झाली, रक्त आलं. शेवटी भुलीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, आज नाही होणार, घरी न्या.

घरी आणली, पण ती माझी राहिली नाही. झोपायची आत्यांजवळ. मी खोलीत आले की पाय फ्रॉकखाली ओढून घ्यायची. महिना झाला, दोन झाले, तीन झाले. मी जेवण वाढायची ते खायची, पण पाय झाकून. पोटच्या पोरीनं आपल्याला बघून पाय लपवावेत, याच्याइतकं वाईट मला आयुष्यात कशाचंच वाटलेलं नाही.

आणि डॉक्टर तर सांगत होते, उशीर करू नका. "मेंदू त्या डोळ्याकडं लक्ष द्यायचं सोडून देतो. मग ऑपरेशन करूनही नजर येत नाही. आता थांबण्यात अर्थ नाही. यावेळी माणसं जास्त घेऊ."

मी म्हटलं, "माणसं नकोत. मला पंधरा दिवस द्या. ती चालत आत जाईल."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "काय बोलून बसलीस गं? जाईल का ती?"

"जाईल," मी म्हटलं. "चांगलं पुस्तक लिहिलं तर जाईल." एवढं ठामपणे बोलले, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडं नव्हतंच.

पुस्तक लिहायचं म्हणजे आधी जागा बघायला हवी. दुसऱ्या दिवशी मी एकटीच सांगलीला गेले, मोबाइल आणि नमुन्याला लग्नाचं पुस्तक घेऊन. गेट, बाहेरचा बाक, लिफ्ट, सगळ्याचे फोटो काढायला लागले, तर वॉचमन धावत आला. "ओ मॅडम, फोटोला बंदी हाय हितं. पेपरवाल्या हायसा काय?"

"पेपरवाली नाही. आई आहे."

"समद्याच आया येतात हितं. कोण लिफ्टचं फोटो काढत न्हाई."

माझा आवाज चढला, त्याचा चढला, आणि वरच्या मजल्यावरनं एक सिस्टर खाली आल्या. मी त्यांच्या हातात लग्नाचं पुस्तक दिलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळी बावीस पानं वाचली. मग मला थेट आत नेलं. कपडे बदलायची खोली दाखवली, ट्रॉली दाखवली, भुलीचा मास्क दाखवला. मी तो मास्क माझ्या तोंडाला लावून फोटो काढून घेतला. भुलीच्या डॉक्टरांनाही गाठलं. ते म्हणाले, मास्कनं आधी झोपवू, सुई झोपल्यावर टोचू. थिएटरच्या दारापुढं फरशीवर एक लाल पट्टी होती. "आईनं इथपर्यंतच," सिस्टर म्हणाल्या. मी विचारलं, "आणि ती उठेल तेव्हा?"

"डोळे उघडायच्या आत तुम्हाला आत घेते. शब्द देते."

पुस्तक चौदा पानांचं झालं. पहिल्यावर नेहमीचं दही-साखर. दुसऱ्यावर, "आज सकाळी मी काही खात नाही. पाणीही पीत नाही." मग गाडी, गेट, लिफ्ट, निळे कपडे. "लाल पट्टीपर्यंत आई येते. पुढे मी आणि सिस्टर जातो. माझे हात-पाय कोणी धरत नाही." हे वाक्य मी जाड ठशात छापलं. मग मास्क. आणि शेवटची तीन पानं: "मी झोपते." "मी उठते." "आई समोर असते."

या तीन पानांपाशी मी अडकले. एसटीच्या खिडकीसाठी 'बहुतेक' लिहिणारी मी, इथं काय लिहू? मी बहुतेक उठते? नियमानं तसंच लिहायला हवं होतं. गाडी माझी नव्हती, तसं ऑपरेशन थिएटरही माझं नव्हतं. पण हात धजेना. खरंच धजेना. तीन पानं 'बहुतेक'शिवाय छापली आणि लॅमिनेट करून टाकली.

पंधरा दिवस वाचन चाललं. पोरगी माझ्यापासून चार हात लांब बसायची, पण ऐकायची. मग पुस्तक ओढून घेऊन स्वतः वाचायची. तिचा एक नवाच नाद सुरू झाला. पहिलं पान उघडायची, "दही-साखर देते." दुसरं उघडायची, "काही खात नाही." परत पहिलं. परत दुसरं. "देते. खात नाही. देते. खात नाही." मधेच पानावर थाप मारायची, कपाळाला आठ्या. मी आत्यांना कौतुकानं म्हटलं, "बघा कशी घोकतीय!" आत्या म्हणाल्या, "लय हुशार हाय गं. माझ्यावर गेलीय."

आदल्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. पोरगी आत टेबलाखाली तिच्या जागेवर, आत्या डबा घेऊन आलेल्या. दवाखान्यातनं त्याच सिस्टरांचा फोन आला. सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "सकाळी चहा, दूध, बिस्किट, काही नको. आणि ते प्रसाद, अंगारा, तीर्थ, हे तर मुळीच नको. लोक आम्हाला सांगत नाहीत आणि देऊन आणतात. पोटात काही असेल तर भुलीत उलटी होते, श्वासात जाते. जिवावर बेततं."

"काही देणार नाही," मी म्हटलं, आणि माझी नजर टेबलावरच्या पुस्तकाकडं गेली. पहिलं पान उघडं होतं.

पंधरा दिवस! पंधरा दिवस मी वाचून दाखवत होते, आधी दही खायचं, मग काही खायचं नाही. मी वाचलं, नवऱ्यानं वाचलं, आत्यांनी चष्मा लावून वाचलं. आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही. कारण आमच्या घरात दही-साखर म्हणजे खाणं नव्हेच, तो शकुन! उपास मोडतो का कधी त्यानं? खटकलं फक्त पोरीला. ती मला रोज सांगत होती, थापा मारून सांगत होती, आणि मी कौतुक करत बसले होते. मग दुसरं आठवलं. पहिल्या वेळी, ऑपरेशनला निघताना, आत्यांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवलं होतं. तिनं ते चाटून खाल्लं होतं. त्या दिवशी ती शांतपणे झोपली असती तर?

मी आत्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "अगं, मग आत्ताच चारती की. घड्याळ फुडं सरकव, पडदं लाव आन सकाळ झाली म्हण. पोरीला काय कळतंय?"

"आवं आत्या, आपल्याला जे कळलं न्हाई ते तिला पंधरा दिस कळत हुतं!"

"मग पान काढून टाक. सांगू नकोस."

"तिला पाठ हाय ते. उद्या सकाळी दही मागंल, तवा काय सांगू?"

"पर आईच चुकली म्हनून सांगायचं व्हय पोरीला? मग ती आपल्या कशावर इस्वास ठेवंल?"

याच प्रश्नाला मीही भीत होते. पण मी कॉम्प्युटरवर बसले आणि नवं पान टाइप केलं. "आईने पहिले पान चुकीचे लिहिले. आईची चूक झाली. दही खाणे म्हणजे खाणेच. उद्या दही-साखर नाही. बाकी सगळे तसेच." छापलं, लॅमिनेट केलं आणि टेबलाखाली सरकवलं.

पोरीनं वाचलं आणि दुकान डोक्यावर घेतलं. स्टेपलर भिरकावला, कागदांचे गठ्ठे ओढले, घसा बसेपर्यंत ओरडली. मी शटर अर्धं खाली घेतलं आणि फरशीवर बसून राहिले, तिला हात न लावता. तासाभरानं ती उठली. काउंटरवरचा काळा मार्कर घेतला, पट्टी घेतली आणि दही-साखरेच्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली. मग मार्कर फ्रॉकच्या खिशात घातला. तो परत दिला नाही.

सकाळी आत्या रिकाम्या हातानं दारात उभ्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचे हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. पोरीनं त्यांना ते नवं पान दाखवलं, "आईची चूक झाली," असं खणखणीत वाचलं आणि चालू लागली. आत्या माझ्याकडं न बघता तोंडात पदर धरून हसल्या आणि मग तशाच रडल्या.

दिराच्या गाडीतनं निघालो. गाडीत बसल्या बसल्या पोरीनं मार्कर काढला आणि गाडीच्या पानावर बरोबरची खूण केली, शाळेत बाई करतात तशी. गेट आलं, खूण. वॉचमननं ओळखून रस्ता सोडला, खूण. लिफ्ट, खूण. निळे कपडे थोडे आकाशी निघाले. तिनं कपड्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं, बराच विचार केला आणि अर्धीच खूण केली. मी एरवी हसले असते. पण मला कळत होतं की आता ती माझं पुस्तक वाचत नाहीये, तपासतीय. आत्यांचं खरं झालं होतं. एक पान चुकलं म्हटल्यावर तिच्या लेखी कुठलंही पान चुकलेलं असू शकत होतं.

लाल पट्टीपाशी आलो. सिस्टर वेगळ्या होत्या. काल फोन केलेल्या, माझ्या ओळखीच्या सिस्टरांची आज सुट्टी होती. पोरगी थांबली. पुढं दार, दारात भुलीचे डॉक्टर, आणि मागं दोन वॉर्डबॉय उभे. कशाला उभे ते मला माहीत होतं. पोरीनं पुस्तकाची शेवटची पानं उघडली. 'मी झोपते'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "चूक झाली?"

"न्हाई. बरोबर हाय."

बोट पुढं. "मी उठते. चूक झाली?"

डॉक्टर घड्याळाकडं बघत होते. नवऱ्यानं मान फिरवली. मला काय माहीत होतं? माझ्या हातात काय होतं? पण ती विचारत होती मला, आणि मी 'बहुतेक' म्हणाले असते तर ती तिथंच आडवी पडली असती आणि वॉर्डबॉय पुढं आले असते.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

"आई समोर असते. चूक झाली?"

"न्हाई. हे तर एकदम बरोबर."

तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. मार्कर दिला. आणि लाल पट्टी ओलांडून चालत आत गेली, एकटी, हात अंगाशी घट्ट धरून. वॉर्डबॉय बाजूला झाले. कुणी तिला शिवलं नाही. जाणार म्हटलं होतं मी, आणि गेली. त्या क्षणाला मला कुणी विचारलं असतं तर मी छाती ठोकून सांगितलं असतं की असलं पुस्तक जगात कुणी लिहिलेलं नाही.

दार लागलं. नवरा चहा आणू का म्हणाला, मी त्याच्यावरच खेकसले. बाकावर बसून मी पुस्तक उघडायची, बंद करायची. दोन पानांसाठी मी शब्द दिला होता. एक डॉक्टरांच्या हातात होतं. दुसरं माझ्या.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "छान झालं. शांत झोपली हो पोरगी, आम्हालाच आश्चर्य वाटलं. आता तासाभरात बाहेर आणतील."

"बाहेर? मला आत जायचंय. ती उठायच्या आत."

दारातल्या सिस्टर म्हणाल्या, "आत नातेवाइकांना सोडत नाही. नियम आहे."

"मला त्या दुसऱ्या सिस्टरांनी शब्द दिलाय."

"त्या ड्युटीवर नाहीत."

मी पुस्तकाचं शेवटचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. ती उठणार आणि हे खरं आहे का ते बघणार. काल एक पान चुकलंय माझं. आज हे चुकलं तर ती परत माझ्यावर कशाचाच विश्वास ठेवायची नाही, जन्मभर. तुम्ही नियम सांभाळा, मी चपला काढते, तोंडाला फडकं बांधते, तुम्ही म्हणाल ते करते. पण मी आत जाणार."

"अहो, असं कसं..."

"असंच," मी म्हटलं आणि चपला काढल्या.

परत आत गेलेल्या डॉक्टरांनी तिथनंच हाक मारली, "सोडा हो त्यांना." नसती मारली, तरी मी गेलेच असते.

पोरगी पांढऱ्या चादरीखाली झोपलेली. डाव्या डोळ्यावर पट्टी. मी पलंगाच्या पायाशी उभी राहिले. मग वाटलं, तिथं नको, तिचे पाय आहेत तिथं. फिरून तिच्या तोंडासमोर आले आणि हात पाठीमागं बांधून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. पापणी हलली. उजवा डोळा उघडला, मिटला, परत उघडला. तो डोळा छतावर फिरला, सलाइनवर फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला. कुणाच्या तोंडाकडं न बघणारी माझी पोरगी माझ्याकडं बघत राहिली.

मी मार्कर आणि पुस्तक पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. पुस्तकाकडं बघितलंही नाही. चादर हलली आणि खालनं तिचा एक पाय बाहेर आला. तो तिनं उघडाच राहू दिला.

"आई हाय," ती म्हणाली.

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.